अकराव्या वाफ्याची हजेरी

बेळ्ळंदूरच्या आमच्या बागेत सकाळ दोनदा उजाडत असे. पहिला उजेड पूर्वेकडून, दोन उंच इमारतींमधल्या चिंचोळ्या फटीतून येई. तो आधी पाण्याच्या टाकीच्या काळ्या झाकणावर पडे, तिथून शेवग्याच्या शेंड्यावर, मग कुंपणाच्या तारेवर, आणि सातच्या सुमारास वाफ्यांच्या विटांवर येऊन टेके. कोवळा, किंचित धुरकट उजेड. मोठ्या रस्त्यावरची धूळ आणि तलावाकडून येणारा दमट वास त्यात मिसळलेला असे. त्याच्याकडे पाहत उभे राहिले तर तो हलतो आहे असे कधी वाटत नसे. नजर काढून पुन्हा पाहावे तर वीटभर पुढे सरकलेला. मग साडेसातनंतर दुसरा उजेड येई. पश्चिमेला एका कचेरीची नऊमजली काचेची इमारत होती. सूर्य पुरेसा वर आला की तिच्या काचांवरून ऊन उलटे फिरे आणि फाटकाच्या गजांमधून बागेत शिरे. ते ऊन पांढुरके होते, त्याला ऊब नव्हती, आणि ते जेमतेम वीस मिनिटे टिके. त्या वीस मिनिटांत बागेतल्या प्रत्येक वस्तूला दोन सावल्या असत. एक फाटकाकडे जाणारी, दुसरी फाटकाकडून आत येणारी. झारीला दोन, शेवग्याला दोन, मलाही दोन. मी त्या बागेचा चिटणीस होतो आणि दिवसभरात तेवढीच वीस मिनिटे मला माझी वाटत. आता मी त्या वेळी तिथे थांबत नाही.

जागा एका परदेशस्थ मालकाची होती. वसाहतीतल्या लोकांनी ती त्याच्याकडून मागून घेतली, राडारोडा उपसला, विटा लावून बावीस वाफे आखले. मी तेव्हा नागपूरहून नुकताच आलो होतो. महादेवपुऱ्यातल्या एका कार्यालयात इतरांनी लिहिलेल्या प्रणालींतल्या चुका शोधणे हे माझे काम, आणि घरी बोलायला कोणी नाही. चिटणीसपद मला मिळाले ते मी वाद घालत नाही म्हणून. आमचे अध्यक्ष पुरुषोत्तमकाका पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, मुलीकडे राहायला आलेले. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "शंतनु बोलत नाही, पण लिहितो सुरेख. कायदा अशाच माणसाच्या हाती द्यावा. निदान भाषण तरी ठोकणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाऊन तीन रात्री बसून बागेची नियमावली लिहिली.

ती चांगली होती, हे मला आजही म्हणावेसे वाटते. एका घराला एक वाफा. रविवारी सकाळी सहा ते आठ सामूहिक काम, त्याची हजेरी. सलग तीन रविवार गैरहजर राहणाऱ्याचा वाफा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला. अनुपस्थितीची सूचना गटावर लेखी द्यावी. तोंडी सूचना ग्राह्य नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला विशेष समाधान वाटले होते. तोंडी बोलण्याची मला भीती वाटे, म्हणून तोंडी बोलणे मी नियमातूनच काढून टाकले.

अकरावा वाफा ठकुबाईंचा होता. त्या निपाणीकडच्या. मुलगा गुंडू शेजारच्या बांधकामावर, आणि हे कुटुंब वसाहतीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहत असे. खरे तर त्या सभासद होण्याच्या व्याख्येत बसत नव्हत्या. पण आम्ही पहिले वाफे केले तेव्हा ते पाण्याने वाहून गेले होते, आणि कुंपणापलीकडून आमची फजिती पाहणाऱ्या या बाईने शेवटी न राहवून हाक मारली होती, "अहो, ती माती हाय, शिमिट न्हवं. असं थापू नका!" मग त्यांनी आत येऊन बावीसच्या बावीस वाफे पुन्हा बांधून दिले. त्यांना एक वाफा द्यायचा हे त्याच दिवशी ठरले. सगळे त्यांना ठकुअक्का म्हणत. त्या मला तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

त्यांच्या दोन सवयी सांगायला हव्यात. त्या झारीने पाणी घालत नसत. नारळाची एक जुनी करवंटी घरून आणत आणि तिने प्रत्येक रोपाच्या बुडाशी अलगद पाणी सोडत. मग करवंटी तिथेच क्षणभर मातीवर टेकवत. त्यामुळे त्यांच्या वाफ्यात प्रत्येक रोपापाशी एक ओले वर्तुळ उमटलेले असे. दुसरी सवय हजेरीची. त्यांना लिहिता येत नव्हते. मी शाईची डबी पुढे केली की म्हणत, "शाई कशाला, तम्मा? माती हाय की." आणि ओल्या मातीचा अंगठा हजेरीच्या वहीत, अकराव्या ओळीत, नेमका चौकटीत उमटवत.

त्या उन्हाळ्यात शहराचे पाणी आटले. कूपनलिका कोरड्या पडल्या, टँकर दिवसाआड येऊ लागले. बागेला वसाहतीचे शुद्ध केलेले सांडपाणी मिळे, तेही पिंपांत मोजून. एका वाफ्याला दोन बादल्या. बाहेरची माणसे पिंपांतून पाणी नेऊ लागली तेव्हा समितीने ठरवले की काम चालू असतानाही फाटकाला आतून कुलूप असावे, आणि सभासद आला की चिटणीसाने ते उघडावे. पिंपे बागेच्या मागच्या टोकाला, अवजारांच्या खोलीआड होती. सगळे तिकडे असत. फाटकाजवळच्या टेबलाशी हजेरीची वही घेऊन मी एकटा बसे.

फेब्रुवारीच्या अखेरीस गुंडूचे बांधकाम थांबले. त्याला आनेकलला एका कारखान्यात काम लागले आणि कुटुंब तिकडे निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी ठकुअक्का माझ्याकडे आल्या.

"दोन ऐतवार जमायचं न्हाई, तम्मा. तिसऱ्याला येते. गावाकडनं पुंडीचं बी मागवलंय."

पुंडी म्हणजे अंबाडी. मी म्हणालो, "एवढ्या लांबून कशा याल?"

"बस हाय की." मग वाफ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "तिथं खोलीत खिडकी बी न्हाई. मला एवढीच जागा हाय बघ, उभं ऱ्हायला."

त्यांनी मला हे सांगितले होते, हे मी कधी नाकारलेले नाही. ती सूचना तोंडी होती, म्हणून मी ती नोंदवली नाही, इतकेच.

प्रतीक्षायादीत पहिले नाव शाल्मलीचे होते. ती माझ्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असे, मुंबईची, आठ महिने वाफ्याची वाट पाहणारी. लिफ्टमध्ये भेटली की विचारी, "काय सेक्रेटरी, माझा नंबर कधी? की माझी पालकाची हौस अशीच मरणार?" मी काहीतरी पुटपुटे. चार मजल्यांत सांगता येईल असे माझ्याजवळ कधीच काही नव्हते. दुसरा रविवार गेल्यावर मात्र मी तिला एक पूर्ण वाक्य बोललो. "पुढच्या रविवारी अकरावा वाफा बहुधा तुझा होईल." ती इतकी आनंदली की दरवाजा उघडून बंद झाला तरी बाहेर पडायची विसरली.

तिसऱ्या रविवारी ती पाहुणी म्हणून आली, रोपांचा ट्रे घेऊन, आणि मागे जाऊन सगळ्यांबरोबर कंपोस्ट उलटू लागली. ट्रे तिने माझ्या टेबलावर ठेवला होता. साडेसात ते आठ या वेळात मी त्या रोपांना नावांच्या चिठ्ठ्या लावत होतो. फाटकाकडे माझी पाठ होती. आठ वाजता पुरुषोत्तमकाकांनी हजेरी विचारली.

"अकरा?"

"आल्या नाहीत," मी म्हणालो.

काकांनी अकराव्या वाफ्याकडे पाहिले. "बाईंनी आपल्याला वाफे बांधायला शिकवलं रे. एखादा रविवार वाढवून देऊ या का?"

मी काही बोललो नाही. माझ्या गप्प राहण्याला त्या सभेत वजन होते.

"बरं," काका म्हणाले. "नियम तूच लिहिलेस, तूच पाळ."

मी अकराव्या ओळीत निळ्या शाईने 'गै' लिहिले.

पुढच्या गुरुवारी सकाळी सहाला कुलूप उघडले तेव्हा अकरावा वाफा ओला होता.

बाकी एकवीस वाफे राखेसारखे कोरडे होते. पिंपांची झाकणे लावलेली होती आणि आत आदल्या संध्याकाळच्या खुणेइतकेच पाणी होते. ती खूण मी रोज खडूने करीत असे. मी स्वतःची समजूत घातली की शाल्मलीने घरून बाटलीने पाणी आणून घातले असेल. पण फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. शुक्रवारीही तसेच, शनिवारीही. चुका शोधणे हा माझा धंदा आहे. मी कुंपण पाहिले, जमिनीखालून एखादी नळी फुटली आहे का ते पाहिले, वाफ्यालगत हातभर खणले. ओल वरून आलेली होती, आणि ती सारखी पसरलेली नव्हती. प्रत्येक रोपापाशी एक वर्तुळ होते.

रविवारी शाल्मली मला म्हणाली, "शंतनु, माझ्या वाफ्याला पहाटे तू पाणी घालतोस ना? सो स्वीट. पण अरे, मला सांगायचं तरी."

मी नाही म्हणालो नाही. ती हसली, आणि ते हसू मी ठेवून घेतले.

एप्रिलमध्ये तिचा पालक पिवळा पडून बसला. तुळस गेली, कोथिंबीर उगवलीच नाही. त्यांच्या जागी लालसर देठांची, बोटांसारख्या कातरलेल्या पानांची रोपे वर आली. पहिल्यांदा चार, मग एक अख्खी ओळ, वीतभर अंतर राखून, दोरी धरून लावल्यासारखी.

"हे काय आहे?" शाल्मलीने विचारले.

"अंबाडी," काका म्हणाले. "जुनं बी पडलं असेल मातीत. निसर्ग वेटिंग लिस्ट मानत नाही."

"काका, निसर्ग ओळीत पेरतो?"

तिने ती रोपे उपटली. पुढच्या रविवारी ती पुन्हा तिथेच होती, आणि उंचीने जराही कमी नव्हती. तिने मला बाजूला घेतले. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"एक विचारू? खरं सांग. पाणी तू घालत नाहीस, हो ना?"

"नाही."

"मग इतके दिवस..." ती वाफ्याकडे पाहत राहिली. "मी खाली बसले ना, की वाटतं कोणीतरी माझं काम आटपायची वाट बघतंय. रागावून नाही. नुसतं, शेजारी उभं राहून." मग तिने हात झटकले. "मला नको हा वाफा. यादीत खाली टाक माझं नाव. आणि शंतनु, त्या आजी कुठे गेल्या, हे कुणी विचारलं का रे?"

कोणी विचारले नव्हते. त्यानंतर ती लिफ्टमध्ये भेटली की फोनकडे पाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सातच्या सुमारास, फाटकाबाहेर एक तिशीतली बाई उभी दिसली. मी कुलूप उघडले. ती आत आली नाही.

"तुम्हीच काय ओ, ते लिहून घेणारे? मी भाग्यलक्ष्मी. गुंडूची बायको." तिच्या हातात फडक्यात बांधलेले काहीतरी होते. "आमच्या अत्ती, ह्यांच्या आई, गेल्या. दोन महिनं व्हत आलं."

"कधी?"

"तो ऐतवार न्हाई का, हितं येऊन गेल्या? त्याच्या पुढच्या बुधवारी. छातीत कळ आली. स्वल्प पाणी दे म्हणाल्या, मी आणीपातूर सपलं."

बुधवार. वाफा पहिल्यांदा ओला दिसला तो गुरुवारी.

"इथे येऊन गेल्या?" मी विचारले.

"व्हय की. पहाटेची पहिली बस धरली, दोन बस बदलल्या. मी म्हटलं नगा जाऊ, ऐकतात व्हय? परत आल्या तवा पुंडीचं बी तसंच गाठोड्यात. फाटक बंद हुतं म्हणाल्या."

"मला... मला दिसल्या नाहीत."

भाग्यलक्ष्मीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरे झाले असते.

"तसंच म्हणाल्या त्या बी. तम्मा कामात हुता, पाठमोरा हुता, म्हणाल्या. हाक मारली असती तर लाजला असता चार माणसांत." तिने फडके माझ्या हाती दिले. "ही त्यांची करवंटी. आन त्यातच बी हाय, त्यांनी गाठ मारलेलं. आम्ही हात न्हाई लावला. तुमच्याच हातानं पेरा, म्हंजे त्यास्नी बी बरं वाटंल."

मी तिला आत बोलावले. तिने वाफा दुरूनच पाहिला. अंबाडी आता कमरेइतकी झाली होती.

"कुणी लावली ओ? झकास आलीया," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून निघून गेली. मी पुन्हा कुलूप लावले.

टेबलाशी बसून मी फडके सोडले. करवंटी काळी, गुळगुळीत, कोरडी होती. तिच्यात सुती कापडाची एक पुरचुंडी होती. गाठ इतकी घट्ट की मला ती दातांनी सोडवावी लागली.

पुरचुंडीत काही नव्हते.

मी करवंटी घेऊन अकराव्या वाफ्यापाशी गेलो. सकाळची वर्तुळे अजून वाळली नव्हती. एका वर्तुळावर ती अलगद टेकवली. तिची कड थोडी तुटलेली होती. मातीतल्या वर्तुळाचीही त्याच जागी तुटलेली होती.

मी परत येऊन बसलो. मागे पिंपांपाशी बादल्यांचे आवाज येत होते, काका कोणाची तरी चेष्टा करीत होते. मी वही उघडली, कारण हजेरी घ्यायची होती. फाटकाकडे माझी पाठ होती.

साडेसातनंतर दुसरा उजेड आला.

फाटकाच्या गजांच्या सावल्या नेहमीप्रमाणे जमिनीवरून सरकत आल्या आणि टेबलावर चढल्या. मी त्या मोजल्या. गज बारा आहेत.

सहाव्या आणि सातव्या सावलीमध्ये जागा उरली नव्हती. तिथे एक रुंद सावली होती. डोक्यावरून पदर, कमरेवर गाठोडे.

ती उघड्या वहीवर पडली होती. माझ्या हातांवर पडली होती. तेवढीच जागा गार लागत होती.

ती हलली नाही. हाक आली नाही.

मीही हललो नाही. मी अक्षरांकडे पाहत राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. तो उजेड वीस मिनिटेच टिकतो.

मग पांढुरके ऊन काचांवरून ढळले. सगळ्या वस्तूंना एकेकच सावली उरली. मी वळलो. फाटकात कोणी नव्हते, कुलूप जागेवर होते.

वहीची पाने मी मागे उलटली. मार्च. तिसरा रविवार. अकरावी ओळ.

चौकटीत मातीचा अंगठा होता.

त्या दिवशी वही माझ्या टेबलावर होती आणि नंतर माझ्या कपाटात. या दोन महिन्यांत ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेलेली नाही. मी पान उजेडाकडे तिरपे धरले. ठसा माझ्या अक्षरावर उमटलेला असता तर मला काहीतरी समजूत काढता आली असती. पण तो खाली होता. निळी शाई त्याच्यावरून गेली होती. वाळलेल्या मातीच्या बारीक रेषांवर 'गै'ची मात्रा अडखळून तुटली होती. मी लिहिले तेव्हा तो तिथे होता.

अंबाडी मी अजून तोडलेली नाही. वाफा कोणाला दिलेला नाही. काकांनी कारण विचारले, तेव्हा मी नेहमीसारखा गप्प राहिलो, आणि त्यांनी नेहमीसारखे ते मान्य केले. तीन रविवारांचा नियम अजून आहे. माझ्या अक्षरात, फाटकापाशी, चौकटीत लावलेला.

त्या रविवारी फाटकाकडे माझी पाठ होती, हे खरे आहे. पण टेबलावर सावली आली तेव्हा मी मागे वळून पाहिले होते. सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. गजांपलीकडे ठकुअक्का उभ्या होत्या, आणि किल्ली माझ्या खिशात होती.